शाळा अकराव्या वर्षी सुटली, पण धावत्या गाडीत गारवा टिकवायचं गणित याच पठ्ठ्याने सोडवलं

मे महिन्यात भर दुपारी उन्हात लावलेल्या गाडीचं दार उघडलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. सीट चटका देते, स्टेअरिंगला हात लावता येत नाही आणि आतली हवा भट्टीसारखी तोंडावर येते. बाहेर ३५ अंश असले तरी काचा बंद असलेल्या गाडीत तासाभरात पारा ५० च्या आसपास जाऊन पोहोचतो.

ही झाली साधी कार. तिच्यातून उतरून सावलीत उभं राहता येतं. पण तीच गाडी कॅम्पर व्हॅन असेल, म्हणजे त्यातच राहायचं, त्यातच चहा करायचा आणि त्यातच झोपायचं असेल तर? किंवा गाडीत माणसांऐवजी चिकन, दूध नाहीतर लशीच्या बाटल्या असतील तर? मग उतरून सावलीत जायची सोयच नाही. गाडीच थंड ठेवावी लागते.

आज त्याचं उत्तर रस्त्यावर सगळीकडे दिसतं. कॅराव्हॅनच्या टपावर एसीचा चपटा डबा असतो. हायवेवर पांढऱ्या बॉडीचा मोठा ट्रक दिसला तर केबिनच्या वर, मालाच्या डब्याच्या अगदी कपाळावर एक चौकोनी पेटी लावलेली असते. ट्रक सिग्नलला थांबला, इंजिन बंद केलं तरी ती पेटी घरघरत असते.

ही ट्रकच्या कपाळावरची पेटी ज्याच्या डोक्यातून आली, त्या माणसाचं नाव फ्रेडरिक मॅककिन्ली जोन्स. अमेरिकेत शाळेच्या पुस्तकांत त्याचं नाव असतं. आपल्याकडे मात्र त्याचं काम सगळ्यांच्या ओळखीचं आहे आणि नाव फारसं कुणाच्या नाही.

आईबापाविना वाढलेलं पोरगं

फ्रेडचा जन्म १७ मे १८९३ चा. अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी सिनसिनाटी शहर आहे, त्याच भागातला. वडील गोरे, रेल्वेत कामाला. आई कृष्णवर्णीय. आईचा आधार फार लहानपणी सुटला. एकट्या बापाला पोर सांभाळणं जमेना. शेवटी फ्रेड साधारण ७ वर्षांचा असताना त्याला सिनसिनाटीतल्या एका कॅथलिक धर्मगुरूंच्या हवाली करण्यात आलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत वडीलही गेले.

चर्चच्या आवारात फ्रेड झाडलोट करायचा, स्वयंपाकघरात हाताखाली काम करायचा आणि जमेल तसं शाळेत जायचा. पण त्याचं मन रमायचं ते यंत्रांत. दिसेल ती वस्तू खोलायची, आत काय आहे ते बघायचं आणि पुन्हा जोडून ठेवायची.

अकराव्या वर्षी तो तिथून निघून गेला. शाळा तिथेच संपली. पुढे आयुष्यभर फ्रेड जोन्स कुठल्याही कॉलेजात विद्यार्थी म्हणून गेला नाही.

सिनसिनाटीत एक मोटारींचं गॅरेज होतं. तिथे त्याला फरशी झाडायचं काम मिळालं. तो काळ असा, की मोटारगाडी हीच नवलाईची गोष्ट होती. मेकॅनिक काय करतात ते झाडू मारता मारता बघून बघून फ्रेड शिकला आणि चौदाव्या वर्षी स्वतः मेकॅनिक झाला. पुढच्या काही वर्षांत तो रेसिंगच्या गाड्या बांधायला लागला.

ही रेसिंगची गोष्ट लक्षात ठेवा. खडबडीत मातीच्या ट्रॅकवर सुसाट पळणाऱ्या गाडीत हादरे बसून काय काय निखळतं, कुठला नट सैल होतो, कुठला पाइप तडकतो, हे त्याला तिथे कळलं. ते ज्ञान पंचवीस-तीस वर्षांनी कामी आलं.

बर्फाळ गावातला हरहुन्नरी माणूस

१९१२ मध्ये फिरत फिरत फ्रेड मिनेसोटा राज्यातल्या हॅलॉक नावाच्या गावी पोहोचला. कॅनडाच्या सीमेजवळचं हे छोटं गाव. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली ३० अंशांपर्यंत जातो, असा मुलूख. रेल्वेसम्राट जेम्स हिल यांच्या कुटुंबाची तिथे अफाट शेती होती. त्या शेतावरची यंत्रं दुरुस्त करायचं काम फ्रेडला मिळालं.

अमेरिकेत तेव्हा वर्णभेद उघड होता. कृष्णवर्णीय माणसाने कुठे राहायचं, कुठे जेवायचं, कुठलं काम करायचं याच्या मर्यादा ठरलेल्या होत्या. हॅलॉकमध्ये कृष्णवर्णीय जवळपास नव्हतेच. पण बंद पडलेलं इंजिन सुरू करून देणारा माणूस गावाला हवा होता आणि फ्रेडला माणसांत घेतलं गेलं. पुढची बरीच वर्षं त्याने हे गाव आपलं मानलं.

रिकाम्या वेळात तो विजेवरची आणि यंत्रांवरची पुस्तकं आणून वाचायचा. कळलं नाही तर करून बघायचा. त्याची शिकायची पद्धत तीच.

पहिल्या महायुद्धात तो सैन्यात भरती होऊन फ्रान्सला गेला. तेव्हा कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत. फ्रेडही अशाच तुकडीत होता. तिथे त्याने छावणीत वीज आणि टेलिफोनच्या तारा टाकायचं, बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायचं काम केलं.

युद्ध संपल्यावर तो हॅलॉकला परतला आणि मग एकेक उद्योग सुरू झाले. गावात रेडिओ केंद्र हवं होतं, फ्रेडने ट्रान्समीटर बांधून दिला. बर्फातून पेशंटपर्यंत जाताना डॉक्टरांचे हाल व्हायचे, तर त्याने मोडक्यातोडक्या सामानातून विमानाचा पंखा आणि घसरपट्ट्या लावलेली बर्फावर चालणारी गाडी तयार केली. पेशंटला एक्स-रे काढायला लांब न्यावं लागायचं, म्हणून हलवता येईल असं एक्स-रे यंत्र बनवलं. यातल्या बऱ्याच गोष्टींचं त्याने पेटंटही घेतलं नाही. गरज भागली, विषय संपला.

नांगराच्या तव्यातून आला सिनेमाचा आवाज

१९२० च्या दशकाच्या शेवटी सिनेमा बोलायला लागला आणि छोट्या गावांतल्या थिएटरवाल्यांची झोप उडाली. आवाजाची यंत्रणा विकत घ्यायची तर हजारो डॉलर लागायचे. हॅलॉकच्या थिएटरकडे तेवढे पैसे कुठले?

फ्रेडने शेतीच्या भंगारातून तव्यांच्या नांगराचे पोलादी तवे आणले आणि त्यांची ग्रामोफोनसारखी तबकडी फिरवायची यंत्रणा केली. पडद्यावरचं चित्र आणि तबकडीतला आवाज एकमेकांशी जुळले. पुढे आवाज तबकडीऐवजी फिल्मवरच छापून यायला लागला तेव्हा त्याने त्यासाठीही स्वतःचं यंत्र बनवलं.

ही बातमी मिनियापोलिस शहरातल्या जोसेफ न्यूमेरो नावाच्या व्यावसायिकापर्यंत गेली. न्यूमेरोची कंपनी थिएटरांना आवाजाची यंत्रं पुरवायची. त्याने फ्रेडला बोलावून घेतलं आणि १९३० च्या आसपास फ्रेड जोन्स त्याच्याकडे इंजिनिअर म्हणून रुजू झाला. ज्याने शाळाही पूर्ण केली नव्हती, तो आता डिग्रीवाल्या इंजिनिअरांच्या शेजारच्या टेबलावर बसून डिझाइन काढत होता.

१९३९ मध्ये थिएटरबाहेर तिकीट काढून देणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याच्या नावावर झालं. पण त्याचं नाव ज्या कामामुळे झालं ते सिनेमाचं नव्हतंच.

डास, उकाडा आणि बंद काचा

१९३७ च्या उन्हाळ्यातली एक गोष्ट त्याच्या चरित्रात सांगितली जाते. मिनियापोलिस हे तळ्यांचं शहर. उकाडा असह्य झाला म्हणून फ्रेड गाडी घेऊन तळ्याकाठी गेला. काचा खाली केल्या तर डासांचे थवे आत आले. काचा वर केल्या तर गाडीचा तंदूर झाला. कॅम्पर व्हॅनमधून फिरणाऱ्या प्रत्येकाला आजही रात्री हाच प्रश्न पडतो.

तेव्हा मोठ्या थिएटरांमध्ये वातानुकूलन आलं होतं आणि फ्रेडचं काम थिएटरांशीच होतं. इमारत थंड करता येते तर गाडी का नाही, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. त्याने लायब्ररी गाठून रेफ्रिजरेशनची पुस्तकं वाचायला घेतली आणि गाडीसाठी थंडाव्याच्या यंत्राची रेखाटनं केली. न्यूमेरोला मात्र हे प्रकरण फार खर्चिक वाटलं. मोटारीत एसी घेणार कोण?

त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. दोन वर्षांनी पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली कार आणली. त्या एसीचा सरंजाम डिकीतली जागा खायचा, त्याला थर्मोस्टॅट नव्हता आणि तो पूर्ण बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागायचा. लोकांनी फारसा घेतला नाही आणि काही काळातच तो बंद पडला.

माणसांचा उकाडा तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पण चिकन सडलं की थेट खिशाला चाट बसते.

गोल्फच्या मैदानावरची थट्टा

तर झालं असं की १९३८ च्या सुमारास न्यूमेरो आपल्या ओळखीच्या मंडळींबरोबर गोल्फ खेळत होता. त्यात हॅरी वर्नर नावाचा ट्रक वाहतुकीतला व्यावसायिक होता आणि वातानुकूलनाच्या धंद्यातलाही एक जण होता. वर्नरचा मूड खराब होता. त्याच्या ट्रकमधला चिकनचा माल वाटेत उकाड्याने खराब झाला होता.

त्या काळी ट्रकमध्ये माल गार ठेवायचा तर बर्फ आणि मीठ भरायचं. बर्फाच्या लाद्यांनी अर्धी जागा आणि वजन खायचं, वाटेत कुठे बर्फ मिळेल याचा हिशोब ठेवायचा आणि ट्रक कुठे अडकला, बंद पडला की सगळं पाणी. बर्फ वितळला की माल गेलाच म्हणून समजा.

वर्नरने एसीवाल्याला विचारलं की थिएटर थंड करता, मग माझा ट्रक का नाही. एसीवाल्याने ते जमणार नाही म्हणून सांगितलं. रस्त्याच्या हादऱ्यांनी यंत्र खिळखिळं होईल, हे त्याचं कारण. त्यावर न्यूमेरोने थट्टेत बोलून टाकलं की आम्ही करून देऊ.

वर्नरने मात्र ते मनावर घेतलं. न्यूमेरो विसरूनही गेला असेल, पण एक दिवस कंपनीच्या दारात ट्रक येऊन उभा राहिला. न्यूमेरोला आता कसं सुटावं हे कळेना. फ्रेड ट्रकमध्ये शिरला, मापं घेतली, कागदावर आकडेमोड केली आणि हे होईल असं सांगून मोकळा झाला.

अडचण नेमकी कुठे होती?

इथे थोडं विज्ञान बघावं लागेल. फ्रिज किंवा एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. हातावर सॅनिटायझर घेतला की तो उडून जाताना हात गार लागतो. माठातलं पाणीही याच कारणाने गार होतं. द्रवाचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता शोषतो.

फ्रिजमध्ये हेच एका बंद नळीत पुन्हा पुन्हा घडवून आणतात. आतल्या बाजूच्या नळीत द्रवाचा वायू होतो आणि तो आतली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, त्यामुळे तो तापतो. मग बाहेरच्या बाजूच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता हवेत सोडून पुन्हा द्रव होतो. हे चक्र अखंड चालू राहतं.

घरातला फ्रिज कोपऱ्यात शांत उभा असतो. त्याला भिंतीतून वीज मिळते. ट्रकमध्ये यातलं काहीच नाही. तिथे चार अडचणी होत्या.

पहिली, हादरे. नळ्यांचा एक सांधा जरी सैल झाला तरी आतला वायू निसटतो आणि यंत्र निकामी होतं.

दुसरी, शक्ती. ट्रकच्या इंजिनावर यंत्र चालवलं तर ट्रक थांबला की गारवा बंद. आणि माल सर्वात जास्त तापतो तो ट्रक उन्हात उभा असतानाच.

तिसरी, वजन आणि जागा. यंत्रच एवढं जड झालं की माल भरायला वाव उरला नाही, तर उपयोग काय?

चौथी, माणूस. ड्रायव्हरने गाडी चालवायची की दर अर्ध्या तासाने उतरून थर्मामीटर बघायचा?

फ्रेडने चारही गोष्टींना हात घातला. यंत्राला त्याचं स्वतःचं छोटं पेट्रोल इंजिन दिलं, म्हणजे ट्रक चालू असो की बंद, गारवा सुरूच. रेसिंग कारच्या दिवसांत हादऱ्यांशी झालेली ओळख वापरून यंत्राची बांधणी दणकट केली. आतलं तापमान वाढलं की इंजिन आपोआप सुरू व्हावं आणि पुरेसं गार झालं की आपोआप बंद व्हावं, अशी व्यवस्था केली. या आपोआप चालू-बंद होण्याच्या युक्तीचं त्याने वेगळं पेटंटही घेतलं.

पहिला प्रयत्न चिखलात रुतला

पहिलं यंत्र ट्रकच्या पोटाखाली बसवलं होतं. ते गार करत होतं, पण अतिशय जड होतं. शिवाय चाकांनी उडवलेला चिखल आणि धूळ थेट त्याच्यावर बसायची. कंडेन्सरची जाळी बुजली की उष्णता बाहेर जायला वाटच राहायची नाही आणि यंत्र गुदमरायचं.

फ्रेडने मग यंत्राची जागाच बदलली. ते खालून काढून डब्याच्या पुढच्या भिंतीवर, केबिनच्या वर नेलं. तिथे चिखल पोहोचत नाही. गाडी पळताना समोरून स्वच्छ हवा मिळते. आतली गार हवा जड असल्याने ती वरून सोडली की मालावरून खाली उतरते. दुरुस्तीलाही सोपं. पुढची मॉडेल्स हलकी आणि आटोपशीर होत गेली.

ही जागा इतकी बरोबर निघाली की ऐंशी वर्षांहून जास्त काळ लोटला तरी रीफर ट्रकच्या कपाळावर पेटी अजून तिथेच दिसते.

न्यूमेरोने ओळखलं की यापुढे सिनेमापेक्षा मोठा धंदा इथे आहे. त्याने थिएटरचा व्यवसाय आरसीए कंपनीला विकला आणि फ्रेडला घेऊन यूएस थर्मो कंट्रोल ही नवी कंपनी काढली. हीच पुढे थर्मो किंग या नावाने जगभर गेली. फ्रेड तिथे इंजिनिअरिंगचा प्रमुख झाला. गाड्यांसाठीच्या या वातानुकूलन यंत्राचं, म्हणजे २४७५८४१ क्रमांकाचं पेटंट १२ जुलै १९४९ ला मंजूर झालं. तोवर कंपनीची उलाढाल लाखो डॉलरमध्ये गेली होती.

युद्धात वाचलेलं रक्त

दरम्यान दुसरं महायुद्ध आलं. जखमी सैनिकाला रक्त द्यायचं तर ते आघाडीपर्यंत थंड पोहोचायला हवं. औषधांचं तेच, अन्नाचं तेच. आणि लढाई तर वाळवंटापासून पॅसिफिकच्या दमट बेटांपर्यंत सगळीकडे पसरलेली. बर्फाच्या लाद्या तिथे कोण पोहोचवणार?

स्वतःच्या इंजिनावर चालणारी, उचलून नेता येणारी फ्रेडची यंत्रं इथे उपयोगी पडली. लष्कराने ती रक्त, औषधं आणि अन्न साठवायला वापरली, फील्ड हॉस्पिटलांमध्ये वापरली. चिकन वाचवायला निघालेलं यंत्र माणसं वाचवायच्या कामी आलं.

१९४४ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ रेफ्रिजरेशन इंजिनिअर्स या संस्थेने त्याला सदस्य करून घेतलं. या संस्थेत निवडून आलेला तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. जिथे भलेभले डिग्रीवाले बसायचे, तिथे फरशी झाडत यंत्रं शिकलेला माणूस जाऊन बसला. युद्धानंतर अमेरिकेचं संरक्षण खातं आणि राष्ट्रीय मानक संस्थाही त्याचा सल्ला घ्यायला लागली.

ताटातला बदल

युद्धानंतर हे तंत्र ट्रकपुरतं राहिलं नाही. रेल्वेचे डबे, जहाजं, कंटेनर सगळीकडे ते गेलं. एका डब्यातून काढून दुसऱ्यात बसवता येणाऱ्या कूलिंग युनिटवरही फ्रेडने काम केलं. हिवाळ्यात माल गोठू नये म्हणून हेच यंत्र उलट चालवून डबा उबदार ठेवायची सोयही त्याने केली. मिनेसोटाच्या थंडीत दिवस काढलेल्या माणसालाच हे सुचणार.

परिणाम काय झाला? रेल्वे जिथे जात नव्हती तिथेही ताजा माल पोहोचायला लागला. हंगाम नसलेल्या भागात फळं मिळू लागली. फ्रोझन फूड आणि सुपरमार्केट यांचा जो पसारा पुढे वाढला, त्याला ही थंड वाहतूक हवीच होती.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती थंड कंटेनरमधून. वेलीवरून काढल्यावर आधी गार केली जातात आणि पुढे हजारो किलोमीटर तो गारवा तुटू द्यायचा नसतो. एका जागी जरी साखळी तुटली तरी शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी.

दुसरं उदाहरण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोरोना लशीचे पहिले ट्रक बाहेर पडले. त्या ट्रकांची पूजा झाली, देशभर बातम्या झाल्या. ती लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागत होती. ट्रकमध्ये तेवढं तापमान राखणारी यंत्रणा नसती, तर लस तयार असूनही गावोगाव पोहोचली नसती.

कॅम्पर व्हॅनवाल्यांनी फ्रेडकडून काय घ्यावं?

फ्रेडने ट्रकसाठी जो हिशोब केला, तोच उन्हाळ्यात कॅम्पर थंड ठेवताना लागू होतो.

पहिली गोष्ट, उष्णता बाहेर काढण्याआधी ती आत येऊ द्यायची नाही. रीफर ट्रकच्या भिंती जाड आणि आतून इन्सुलेशन भरलेल्या असतात. पत्र्याच्या व्हॅनमध्ये नुसता एसी बसवला आणि छत, काचा तशाच ठेवल्या तर एसी दिवसभर धापा टाकत राहतो. सावलीत गाडी लावणं, काचांना बाहेरच्या बाजूने चकचकीत पडदे लावणं, छताला इन्सुलेशन देणं, हे आधी.

दुसरी, कंडेन्सरला मोकळी हवा हवी. फ्रेडचं पहिलं यंत्र चिखलाने गुदमरलं. टपावरच्या एसीच्या जाळीत धूळ आणि पाला अडकला तर तेच होतं. सहलीला निघण्यापूर्वी ती साफ करायला अर्धा तास पुरतो.

तिसरी, थांबलेल्या गाडीला शक्ती कुठून मिळणार हे आधी ठरवायचं. म्हणूनच कॅराव्हॅनचा एसी कॅम्पिंगच्या जागी मिळणाऱ्या विजेवर, जनरेटरवर किंवा मोठ्या बॅटरीवर चालवतात. गाडीचं इंजिन रात्रभर चालू ठेवून बंद काचांत झोपणं जिवावर बेतू शकतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

चौथी, दार. रीफर ट्रकचं दार उघडं राहिलं की मिनिटांत गारवा ओसरतो. व्हॅनचंही तसंच. मात्र संध्याकाळी बाहेरची हवा गार झाली की टपावरची खिडकी आणि खालची खिडकी दोन्ही उघडायच्या, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. आणि हो, जाळी लावून, कारण डास अजूनही आहेत.

नाव मागे राहिलं

फ्रेड जोन्सच्या नावावर ६० हून जास्त पेटंट आहेत, त्यातली ४० च्या आसपास रेफ्रिजरेशनची. पण त्याची महत्त्वाची पेटंट कंपनीच्या हक्कात गेली. तो कंपनीत मोठ्या पदावर होता, तरी उद्योगपतीसारखा श्रीमंत झाला नाही. पैशापेक्षा पुढचं यंत्र त्याला जास्त खुणावायचं. नवीन इंजिनिअर अडले की त्याच्याकडे यायचे आणि तो त्यांच्या डिझाइनमधली चूक दाखवून द्यायचा.

२१ फेब्रुवारी १९६१ ला मिनियापोलिसमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला. वय होतं ६७. त्याच वर्षी थर्मो किंग ही कंपनी वेस्टिंगहाऊसने विकत घेतली.

अमेरिकेला त्याचं मोल कळायला मात्र वेळ लागला. १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश सीनियर यांच्या काळात नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी हा सन्मान जोन्स आणि न्यूमेरो या दोघांना मरणोत्तर दिला गेला. हा सन्मान मिळालेला फ्रेड जोन्स हा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. तो जाऊन तेव्हा ३० वर्षं झाली होती. २००७ मध्ये नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्येही त्याचं नाव आलं.

दूध, आइस्क्रीम, द्राक्षं, मासे, इन्सुलिन, लस यांतलं काही ना काही प्रत्येक घरात येतं आणि त्यातलं बरंचसं वाटेत कुठेतरी अशाच एखाद्या घरघरणाऱ्या पेटीच्या भरवशावर प्रवास करून आलेलं असतं. वर्नरच्या सडलेल्या चिकनवर उपाय शोधणाऱ्या माणसाची ही कमाई आहे, आणि त्याच्या शिक्षणाचा दाखला मागितला असता तर दाखवायला त्याच्याकडे सहावी-सातवीपलीकडे काही नव्हतं.